रघूदादांची पहाट

पौडात रघूदादा साळव्यांच्या दुकानात शेतावरची मोटर दुरुस्तीला नेली, की मोटरीला हात लावायच्या आधी ते गिऱ्हाइकाला बसवायचे. बसला, की उठवायचे. उठला, की म्हणायचे, "पुन्यांदा बसा." आणि स्वतः समोर उकिडवे बसून त्या माणसाच्या गुडघ्यांकडे, कमरेकडे, मानेकडे टक लावून बघत राहायचे. नवखा माणूस गडबडून जायचा. त्याला वाटायचं, दुकानाचा काही नियम असेल. भुकूमचा एक शेतकरी तर बराच वेळ मुकाट्यानं उठला-बसला आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "दादा, काय चुकलं आसंल तर माफी करा, पन मोटर तेवडी बगा."

"चुकलं न्हाई," दादा म्हणाले. "तुमी लई झ्याक उठता. आदी मान म्होरं येती, मंग कंबर सुटती. कुनी बगत न्हाई त्ये."

तो शेतकरी पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत होता, की पौडच्या साळव्यांनी माझ्या उठण्याची तारीफ केली.

मी दिनकर, तहसील कचेरीतला कारकून. स्टँडच्या मागे आमची वस्ती, आणि दादांच्या घराची नि माझ्या घराची भिंत एकच. मी स्वभावानं घाईचा. चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवणारा, बोलणारा अर्ध्यावर असताना उत्तर देऊन मोकळा होणारा. अशा माणसाला रघूदादांचा शेजार मिळावा, ही एक गंमतच. बरं, ते काही संथ म्हणावेत असेही नव्हते. जळालेल्या मोटरीची तार नव्यानं गुंडाळायला घेतली की त्यांची बोटं दिसायची नाहीत. त्यांचं भांडण वेगाशी नव्हतंच, झटक्याशी होतं. एक गोष्ट अशी होती आणि लगेच तशी झाली, हे त्यांना खपायचं नाही. अशीपासून तशीपर्यंत जाताना वाटेत जे काही असतं, ते त्यांना दिसायला हवं असायचं. नाही दिसलं, की ते विचारायचे, "मधलं कुटं गेलं?"

हा प्रश्न ते कुणालाही आणि कशाबद्दलही विचारत. आमचे तहसीलदार साहेब शांत बसलेले असायचे आणि पुढच्या क्षणी टेबलावर हात आपटायचे. दादा कचेरीतला पंखा दुरुस्त करायला आले असताना हे त्यांनी पाहिलं आणि शिडीवरूनच मला म्हणाले, "सायेब चिडत्यात त्ये ठीक हाय. पन मधलं कुटं गेलं?" साहेबांनी वर पाहिलं. मी खाली पाहिलं. माझ्या लग्नात माझी बायको मांडवात आली तेव्हा गंभीर होती आणि फोटोवाल्यानं सांगताच हसली. त्यावरही दादांचं तेच. फोटोवाला बिचारा कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा डोकावून बघत होता.

सायकलचंही तेच. त्यांना स्टँडपाशी उतरायचं असलं, तर ते नदीच्या पुलापासूनच वेग कमी करत येत. मागून येणारी बैलगाडी त्यांना ओलांडून पुढे जायची. ब्रेक दाबणं त्यांना अपमानाचं वाटे.

आता कुणी म्हणेल, असतात अशी चक्रम माणसं. पण या चक्रमपणावर आमच्या सगळ्या तालुक्याची छाती फुगत होती. कारण दादा हलते देखावे करत. गणपतीत पेठेतल्या मंडळासाठी त्यांनी कुंभकर्ण उठवला होता. कुंभकर्ण इतरही गावांत उठायचे, नाही असं नाही. पण ते फळी उचलावी तसे ताठ उठायचे, धाडकन आडवे व्हायचे, आणि लोक टाळ्या वाजवून पुढच्या गणपतीला जायचे. आमचा कुंभकर्ण आधी पायाचा अंगठा हलवायचा. मग कूस बदलायची की नाही, याचा विचार करायचा. मग कोपरावर भार घ्यायचा. तो पुरता उठून बसेपर्यंत पुढच्या रांगेतल्या बायका स्वतःच आळोखेपिळोखे द्यायला लागायच्या. मुळशीपासून, घोटावड्यापासून लोक एस.टी. भरून यायचे आणि एकदा बघून झालं की पुन्हा रांगेत उभे राहायचे.

याचं गुपित होतं लाकडी चाकांत. दादांची चाकं गोल नसायची. एका बाजूला पोट सुटलेली असायची. त्यांना ते 'पोट्या' म्हणत. चाक फिरलं, की पोट ज्या बेतानं सुटलेलं असेल, त्या बेतानं वरचा दांडा उचलला जायचा आणि दांड्याबरोबर कुंभकर्णाचा हात. "आदी हळू, मंग जरा चढतं, मंग परत हळू," दादा समजावत. "मानूस आसाच उटतो. म्हस न्हाई. म्हस मागनं उटती." पोट किती सुटावं यासाठी ते कानशीनं लाकूड घासत बसायचे, आणि त्यासाठीच गिऱ्हाइकांना उठाबशा काढाव्या लागत.

दादा नम्र वगैरे अजिबात नव्हते, हेही सांगून टाकतो. लाउडस्पीकरवर आपलं नाव पुकारलं जावं, याची त्यांना भारी हौस. नुसतं 'साळवे' म्हटलेलं चालायचं नाही. गर्दीतून हात वर करून ते दुरुस्ती सुचवायचे, "रघुनाथ साळवे, मोटर वायंडिंगवाले." पुन्हा पूर्ण नाव पुकारलं जाईपर्यंत सत्काराचा नारळ पाहुण्यांच्या हातात तसाच राहायचा. मला तर हा त्यांचा गुण आवडायचा. आमच्या वस्तीतल्या माणसाचं नाव पेठेत, पुऱ्या आवाजात, पुन्हा पुन्हा घेतलं जायचं. ते ऐकायला मी मुद्दाम लाउडस्पीकरच्या खाली उभा राहायचो.

फक्त एका माणसानं दादांचा एकही देखावा पाहिला नव्हता. त्यांच्या बायकोनं, हौसावहिनींनी.

वहिनींना ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी त्यांना मुदतीचा ताप आला, त्यात कान गेले ते गेलेच. बोलायच्या मात्र खणखणीत. आपला आवाज आपल्याला कळत नाही म्हटल्यावर कुजबुजसुद्धा वस्तीभर जायची. आमच्या घरातली आमटी खारट झाल्याचं त्यांनी दादांना गुपचूप सांगितलं, ते मी भिंतीपलीकडून जेवता जेवता ऐकलं होतं. माणूस प्रेमळ, पण फार दचकायच्या. एकदा मी मागून जाऊन वाटी परत द्यायला खांद्याला हात लावला, तर हातातलं उलथनं माझ्या कानावरून गेलं. मग त्याच रडायला लागल्या, आणि मला दोन भाकरी जास्त खाव्या लागल्या.

कुंभकर्णाच्या वर्षी दादांनी त्यांना पेठेत नेलं होतं. पण देखाव्यापर्यंत पोचायच्या आधीच गर्दीत मागून रेटा आला, शेजारच्या मंडळानं समोर भक्कन मोठे दिवे लावले, पायाशी फटाक्यांची माळ उडाली. वहिनी किंचाळून खाली बसल्या. किंचाळी त्यांच्या आवाजात होती, त्यामुळे लोक हसले. त्यानंतर त्यांनी गर्दीत पाऊल टाकलं नाही. दादा दर वर्षी विचारायचे आणि त्या दर वर्षी म्हणायच्या, "तुमी जावा. मला काय कळतंय त्यातलं."

मग आमच्या वस्तीतलं विहार बांधून झालं. बांधकामाला आम्ही सगळ्यांनी घाम गाळला होता. वैशाखी पौर्णिमेला तिथं पहिला कार्यक्रम ठरला, आणि समितीचा सेक्रेटरी म्हणून मी दादांकडे गेलो. म्हटलं, दादा, इतकी वर्षं पेठेचं केलंत, आता आपल्या घरचं करा.

दादांनी विडी विझवली. तीसुद्धा दाबून नाही, आपोआप विझू दिली.

"करतो," ते म्हणाले. "पन माजी एक अट हाय. पयल्या रांगेत माजी बायको बसंल. सुरवातीपास्नं शेवटापत्तुर बसंल. तिला दचकवंल आसं काय बी व्हता कामा न्हाई. फटाका न्हाई, लुकलुकती माळ न्हाई, भक्कन दिवा न्हाई. कबूल आसंल तर हात लावतो."

"आणि वहिनी आल्याच नाहीत तर?"

"येतीया म्हनाली. मी देखाव्याचं समदं तळहातावर बोटानं सांगितलं तिला. हात धरून दाखवलं, काय, कवा, कसं व्हईल." मग म्हणाले, "दिनकरा, ह्या खेपंला ती घाबरून उटून गेली, तर म्होरं ती कुटंच यायची न्हाई. एवडं ध्यानात ठेव."

समितीतली पोरं नाराज झाली. त्यांना पुण्यासारख्या पळत्या दिव्यांच्या माळा हव्या होत्या. मी त्यांना दम दिला. दम द्यायला मला कधीच वेळ लागत नाही.

देखावा ठरला तो असा. पिंपळाखाली तथागतांची मूर्ती, समोर तळं, तळ्यात कमळ, आणि मागे आभाळ. मी विचारलं, मूर्तीचा हात वर करणार का? दादा माझ्यावर उखडले. "त्यांना हलवायचं न्हाई. त्ये बसल्यात तसंच बसतील. आपन पहाट हलवायची."

पहाट हलवायची युक्ती त्यांची स्वतःची नव्हती, नाटकवाल्यांकडून उचललेली होती. लोणच्याच्या मोठ्या बरण्यांत मिठाचं पाणी भरायचं, त्यात पत्रे सोडायचे, आणि दिव्याला जाणारी वीज त्या पाण्यातून न्यायची. पत्रा वर असला की अंधार. पत्रा जसजसा पाण्यात उतरेल, तसतसा दिवा उजळत जायचा. निळ्या, तांबड्या आणि पिवळ्या दिव्यांच्या अशा तीन बरण्या. तिन्ही पत्र्यांच्या दोऱ्या आणि कमळाच्या पाकळ्यांच्या तारा मिळून एकाच दांडीला बांधलेल्या, मध्ये पोट्या. दांडी फिरवली, की रात्र निळी व्हायची, निळ्यात तांबूस उतरायचं, तांबूस पिवळं व्हायचं आणि त्याच बेतानं कमळ उलगडायचं. कुठला रंग कुठं संपला, हे बोट ठेवून सांगता यायचं नाही. त्या बरण्यांचं पाणी तापून बुडबुडे यायचे आणि चुकून हात लागला तर माणूस उडायचा. दादा सोडून कुणी जवळ जात नसे. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला दांडी शिकवली. मी फिरवली की म्हणायचे, "ही पहाट न्हाई, ही आग लागली." मी पुन्हा फिरवायचो.

अशा एका बरणीवर दादांच्या घरातला दिवाही चालायचा, हे राहिलंच. तिथं बटण नव्हतं. पाहुणा आला की अंधारात बसायचा, मग त्याला आधी स्वतःचे गुडघे दिसायचे, मग दादा, मग चहा. दाराला वजन बांधलेलं होतं, त्यामुळे दार कुणीही ढकललं तरी ते आपल्याच गतीनं उघडायचं. तोवर बाहेर उभं राहून डास मारायचे. मी याला चक्रमपणाचा कळस समजत होतो.

पौर्णिमेला मांडव खच्चून भरला. चांदणं आत येऊ नये म्हणून दादांनी चारी बाजूंनी काळं कापड लावलेलं, त्यामुळे उकाडा असा की बायका पदरानं वारा घेत होत्या. पेठेतली मंडळीही आली होती. पहिल्या रांगेत, बायकांच्या कडेला, वहिनी नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. हात मांडीत घट्ट धरलेले. दादा पडद्याच्या फटीतून सारखे तिकडंच बघत होते.

उद्घाटनाला पाहुणे पुण्याहून जीपमधून आलेले. त्यांना पुढे घोटावड्यालाही कार्यक्रम होता, म्हणून घाईत. आमचे अध्यक्ष गुरुजी, म्हणजे शाळेतले निवृत्त शिक्षक, त्यांनी जाहीर केलं, "आता पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबून देखाव्याचं उद्घाटन होईल." कळ दाबल्याशिवाय उद्घाटन झाल्यासारखं वाटत नाही, म्हणून दादांनी एक कळ बसवली होती. ती दाबली, की मागे आमच्यापाशी एक बारका दिवा लागायचा, आणि दादांनी दांडी फिरवायला घ्यायची. हे पाहुण्यांना सांगायचं राहून गेलं.

मांडवातले कंदील आम्ही आधीच एकेक करून मालवले होते. पाहुण्यांनी कळ दाबली. अंधार. त्यांनी पुन्हा दाबली. मग अंगठ्यानं जोर लावून दाबली. मागे आमचा दिवा विझत-लागत होता आणि दादा शांतपणे दांडी फिरवत होते. मांडवात कुणीतरी खुसखुसलं. गुरुजींनी माइकवर घसा साफ केला. पाहुणे कळ सोडून खुर्चीकडे वळले, तेव्हा त्यांना खुर्ची दिसली. मग खुर्चीवरचा हार दिसला. मग सगळ्यांनाच एकमेकांची तोंडं दिसायला लागली, निळसर, आणि मांडव आपोआप गप्प झाला. कुठं, कधी सुरू झालं, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

पिंपळामागे तांबूस फुटत होतं. कमळाची पहिली पाकळी सुटली होती. मी फटीतून पाहिलं, तर वहिनींचे हात मांडीतून मोकळे झाले होते.

आणि वीज गेली.

धरण आमच्या तालुक्यात, आणि वीज ऐन वेळी जायची आमचीच. मांडवात ओरडा सुरू झाला, पोरं शिट्ट्या मारायला लागली. दादांनी अंधारातच दांडी उलटी फिरवून पत्रे वर घेतले आणि माझा हात ओढून दांडीवर ठेवला.

"धर. लाइट आली की सोड हळूहळू."

"तुम्ही कुठं निघालात? मला एकट्याला नाही जमायचं."

"आपल्याला अंदारात निदान ऐकू तरी येतंय, दिनकरा. तिला अंदार झाला की समदंच बंद व्हतंय," ते म्हणाले आणि गेले.

दांडी धरून मी उभा राहिलो, आणि इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहून जे कळलं नव्हतं, ते तिथं कळलं. आपल्याकडे कुणी येत असलं तर आधी पाऊल वाजतं, कडी वाजते, खाकरणं ऐकू येतं. माणूस दिसेपर्यंत आपण तयार झालेलो असतो. वहिनींसमोर प्रत्येक माणूस एकदमच उभा राहत होता. कान गेले, त्याबरोबर त्यांचं सगळं मधलं गेलं होतं. या माणसानं ते दारात, दिव्यात, सायकलवर, जिथं जमेल तिथं, हातानं घडवून परत आणून ठेवलं होतं. मला त्या अंधारात त्यांचा एवढा अभिमान वाटला, की दांडी मी दोन्ही हातांनी धरली.

बाहेर एकदम आरोळी झाली. वस्तीतले दिवे लागले होते. मांडवात मात्र पत्रे वर असल्यामुळे अंधारच होता. मी दांडी फिरवली, जन्मात कधी केलं नाही इतकं हळू.

निळसर झालं. पहिल्या रांगेत, बायकांमध्ये, जमिनीवर मांडी घालून दादा बसले होते. वहिनींचा तळहात त्यांच्या मांडीवर होता आणि त्यावर ते बोटानं काहीतरी सावकाश सांगत होते. वहिनी जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांचं लक्ष समोर होतं.

इकडे पाहुण्यांची जीप सुरू झालेली, ड्रायव्हर कापड सारून आत खुणा करतोय. गुरुजींनी कार्यक्रम आटोपता घ्यायचं ठरवलं. "या देखाव्याचे कलाकार रघुनाथ साळवे, मोटर वायंडिंगवाले, यांनी सत्कारासाठी व्यासपीठावर यावं." पूर्ण नाव, बिनचूक, मोठ्या आवाजात. सगळा मांडव वळून दादांकडे बघायला लागला. पेठेतली माणसंसुद्धा. गुरुजींनी परत पुकारलं. दादा उठले नाहीत. त्यांनी वरही पाहिलं नाही. तळहातावर बोट चालूच होतं.

शेवटी पाहुणे स्वतःच हार घेऊन खाली उतरले आणि सतरंजीवरच्या माणसांमधून वाट काढत आले. वहिनींनी त्यांना लांबूनच येताना पाहिलं. पदर सारखा केला. पाहुणे जवळ येऊन दादांच्या गळ्यात हार घालायला वाकले, तशा वहिनी हळू आवाजात बोलल्या, म्हणजे सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"पाव्हनं, बसा की जरा. आजून उजाडतंय."

कुणी हसलं नाही. पाहुण्यांनी एकदा ड्रायव्हरकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि हार हातात तसाच धरून ते वहिनींच्या शेजारी सतरंजीवर बसले. दादांचं तोंड मला फटीतून स्पष्ट दिसत होतं. बायको माणसांनी भरलेल्या मांडवात बसली होती, आणि एका मोठ्या माणसाला थांबवून म्हणत होती, की माझ्या नवऱ्याचं काम पुरं होऊ द्या. दादांचे ओठ आधी दाबले गेले, मग हलले, आणि मग डोळे भरले. सगळं मला दिसलं.

पिवळं यायला अजून बराच वेळ होता. मी तो आणखी लांबवला. माझे खांदे भरून आले, बरण्यांतलं पाणी तापून वाफ यायला लागली, बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि मी मात्र दांडी जितकी हळू फिरवता येईल, तितकी हळू फिरवत होतो.